सुरू होताना रोज डिस्क तपासणी लागते, ती बंद करू का?

कोरी पाटी

नमस्कार. गेले दोन आठवडे माझा टेबलावरचा संगणक सकाळी सुरू केला की विंडोजच्या चिन्हाखाली डी ड्राइव्ह तपासून दुरुस्त करत असल्याची ओळ येते आणि टक्के मोजणं सुरू होतं. कधी पाच मिनिटांत आटपतं, कधी ११ टक्क्यांवर वीस-वीस मिनिटं अडकून राहतं. दोनदा घाई होती म्हणून मी बटण दाबून ठेवून संगणक बंद केला आणि परत सुरू केला. तेव्हाही तपासणी पुन्हा पहिल्यापासून लागली.

यंत्रात दोन डिस्क आहेत. सी एका छोट्या एसएसडीवर, आणि डी म्हणजे २ टीबीची नेहमीची फिरती हार्ड डिस्क. डीवर वडिलांच्या आवाजाच्या जुन्या कॅसेट मी एकेक करून उतरवून ठेवते आहे. त्यांच्या वाचनाच्या, गप्पांच्या. आतापर्यंत एकसष्ट बाजू झाल्या. त्या डिस्कचं नाव पडद्यावर रोज दिसतं म्हणून पोटात गोळा येतो.

ही तपासणी कायमची बंद कशी करायची, आणि बंद केलेली चालेल का?

सांजवारा

सोपं आहे. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उजवी टिचकी मारून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा आणि लिहा:

सीएचकेएनटीएफएस /एक्स डी:

संपलं. मी माझ्याकडे हेच केलंय, वर्ष झालं, एकदाही तपासणी लागली नाही.

जुना खिळा

ताई, वरची आज्ञा अजून देऊ नका. ती चुकीची नाही, पण आत्ता द्यायची नाही. का ते सविस्तर लिहितो. (आज्ञा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना तीच अक्षरं रोमनमध्ये, मधल्या मोकळ्या जागांसकट.)

विंडोज स्वतःहून रोज डिस्क तपासत नाही. एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) प्रत्येक ड्राइव्हवर एक खूण असते, तिला डर्टी बिट म्हणतात. ड्राइव्हवरची नोंदवही अर्धवट राहिली, लिहिताना वीज गेली, केबल निघाली किंवा नोंदींमध्ये विसंगती सापडली की ही खूण लागते. संगणक सुरू होताना, तुमचा लॉगिनचा पडदा येण्याच्या कितीतरी आधी, ऑटोचेक नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक ड्राइव्हची खूण बघतो. खूण नसेल तर पुढे जातो, असेल तर तपासणी लावतो. म्हणजे तुमच्याकडे रोज रात्री ते सकाळ या वेळात कोणीतरी ती खूण लावतंय. तपासणी हा फक्त निरोप आहे. पाठवणारा शोधला पाहिजे.

/एक्स देऊन काय होतं? ऑटोचेकला सांगितलं जातं की डीकडे बघू नकोस. खूण तिथेच राहते, बिघाड असेल तर तोही तिथेच राहतो. आणि त्याच बिघडलेल्या नोंदींवर तुम्ही रोज नव्या फाइल लिहीत राहता.

दुसरी कळकळीची विनंती: तपासणी चालू असताना बटण दाबून बंद करू नका. ती त्या वेळी डिस्कच्या मूळ नोंदींमध्ये बदल करत असू शकते. नको असेल त्या दिवशी सुरुवातीला काही सेकंद उलटी मोजणी दिसते, तेवढ्यात कुठलीही कळ दाबा, तपासणी त्या दिवसापुरती टळते. टक्के अडकलेले दिसले तरी घाबरू नका. ते आकडे सरळ रेषेत चालत नाहीत. आधी फाइलींची मुख्य यादी, मग फोल्डरांच्या अनुक्रमणिका, मग परवानग्यांच्या नोंदी असे टप्पे असतात आणि एखादा टप्पा लांबतो. यंत्रावरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असं समजा.

आता एवढं करून इथे लिहा:

१. ॲडमिन सीएमडीत: एफएसयूटीआयएल डर्टी क्वेरी डी:
उत्तर डर्टी येतं की नाही.

२. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन. तिथे विनइनिट या स्रोताची १००१ क्रमांकाची नोंद शोधा. सकाळच्या तपासणीचा पूर्ण अहवाल तिथे साठवलेला असतो. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं आणि पडद्यावरून ओळी निघून गेल्या म्हणून हळहळतात.

३. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून हार्ड डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ते) बघा. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळी हव्यात.

४. दोन आठवड्यांपूर्वी नेमकं काय बदललं? नवं सॉफ्टवेअर, नवी केबल, यंत्र हलवलं, काहीही.

आणि हे सगळं करण्याआधी त्या एकसष्ट बाजूंची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. आजच.

पाणपोई

खिळेदादांच्या शेवटच्या ओळीला माझा अनुभव जोडते. माझ्या आधीच्या यंत्रात अशीच तपासणी लागायची. दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने ती बंद करून दिली आणि मीही खूश झाले. दीड वर्षाने एक दिवस फोटोंचं फोल्डर उघडेना. मग तपासणी चालवली तर शेकडो फाइल फाउंड.००० नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडल्या. नावं गेलेली, तारखा गेलेल्या, फाइल०००० पासून पुढे नुसते क्रमांक. त्यातल्या अर्ध्याअधिक उघडल्या, पण कुठला फोटो कुठल्या प्रसंगाचा हे जुळवायला मला महिने लागले. काही शेवटपर्यंत उघडल्या नाहीत.

कोरी पाटी, आवाज परत ध्वनिमुद्रित करता येत नाही. आधी प्रत काढा, मग बाकीचं.

अर्धविराम

वाचतोय. धागा चांगला चाललाय. लिनक्सवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो, तो नंतर लिहितो. आधी ताईंचं उत्तर येऊ दे.

कोरी पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणपोई, तुमचं वाचून रात्रीच बाहेरच्या डिस्कवर प्रत काढायला बसले. एकसष्टपैकी साठ बाजू नीट गेल्या. एक फाइल, बेचाळिसावी, यादीत दिसते पण कॉपी होत नाही, वाचता येत नाही म्हणून सांगते.

विचारलेली माहिती:

१. डर्टी आहे.

२. १००१ ची नोंद सापडली. मोठी आहे. अनुक्रमणिकेतल्या काही नोंदी दुरुस्त केल्या असं त्यात दिसतं. खराब सेक्टर शून्य.

३. ०५ शून्य, सी५ शून्य, सी६ शून्य. सी७ च्या पुढे शून्यांच्या शेवटी डी६ असं लिहिलंय. हा आकडा आहे की खूण?

४. विचार केला तेव्हा लक्षात आलं. दोन आठवड्यांपूर्वी मी सीच्या शेजारी लिनक्स टाकून घेतलं. आवाजातली खरखर काढायचं एक सॉफ्टवेअर मला तिथे वापरायला सोपं वाटतं. संध्याकाळी विंडोज बंद करते, लिनक्स सुरू करते आणि डीवरच्या फाइलींवर काम करते. सुरुवातीला लिनक्स डीवर लिहायला नकार देत होतं. मग शोधल्यावर एनटीएफएसफिक्स नावाची आज्ञा सापडली. ती दिली की डी उघडते. आता रोज संध्याकाळी मी आधी तीच देते.

याचा संबंध असेल का?

जुना खिळा

संबंध आहे. ताई, रोज सकाळची तपासणी तुम्हीच रोज संध्याकाळी मागवून ठेवत होता. तुमचा दोष नाही. त्या आज्ञेच्या नावावरून कुणालाही वाटेल की ही दुरुस्ती करते. ती विंडोजच्या तपासणीची जागा घेत नाही. ती काही मूलभूत विसंगती सुधारते, एनटीएफएसची नोंदवही कोरी करते आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू होईल तेव्हा तपासणी व्हावी म्हणून खूण लावून ठेवते. तिच्या माहितीपानावरच हे लिहिलेलं आहे. त्या आज्ञेला खूण पुसायचा पर्यायही आहे, तो कृपया वापरू नका. तपासणी न करता खूण पुसणं म्हणजे पुन्हा /एक्ससारखाच प्रकार.

मग लिनक्स मुळात नकार का देत होतं? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, "शटडाउन" म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज स्वतःच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर गोठवून झोपतं आणि सकाळी तिथूनच उठतं. त्याच्या समजुतीप्रमाणे डी अजूनही त्याच्याच हातात असते. मधल्या वेळात लिनक्सने त्यावर लिहिलं, तर उठलेल्या विंडोजच्या डोक्यातली डी आणि खरी डी वेगळ्या होतात. हे टाळण्यासाठीच लिनक्स नकार देतं. तो नकार म्हणजे सावधगिरीची सूचना होती, आणि एनटीएफएसफिक्सने ती रोज बाजूला सारली जात होती.

हा आजार मुळापासून जातो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करावं ते ठरवायचं पान, वरची "सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला" ही ओळ दाबा आणि खाली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. हायबरनेशन मुळीच वापरत नसाल तर ॲडमिन सीएमडीत पॉवरसीएफजी /एच ऑफ दिलं तरी चालतं, त्याने दोन्ही जातात. एसएसडीवर सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढाच फरक.

(जाता जाता: "रीस्टार्ट" मात्र नेहमी पूर्ण असतो. म्हणून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये गेलेल्यांना हा त्रास जाणवत नाही आणि शटडाउन करून गेलेल्यांना जाणवतो. वरवर हे उलटं वाटतं.)

आता सी७. डी६ हा आकडाच आहे, फक्त सोळाच्या पायावर लिहिलेला. ते सॉफ्टवेअर मूळ आकडे तसेच दाखवतं. तेराला सोळाने गुणा आणि सहा मिळवा: २१४. काही प्रोग्रॅम याच ओळीला १९९ हा क्रमांक देतात, कारण सी७ म्हणजेच १९९. हा आकडा सांगतो की डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर २१४ वेळा माहिती विस्कटली आणि परत पाठवावी लागली. डिस्कच्या पृष्ठभागाचा याच्याशी संबंध नाही. बहुतेक वेळा साटा केबल सैल असते किंवा खराब असते. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, म्हणून २१४ पाहून घाबरायचं नाही, तो वाढतो का एवढंच बघायचं. यंत्र पूर्ण बंद करून, प्लग काढून, केबल बदला. आकडा कागदावर लिहून ठेवा.

०५, सी५, सी६ तिन्ही शून्य आहेत ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले आणि निकाल लागायचा राहिलेले सेक्टर. तो शून्याच्या वर असता तर मी तुम्हाला तपासणी करूच नका म्हटलं असतं. मरणाऱ्या डिस्कवर तपासणी चालवणं म्हणजे तिच्याकडून उरलेली सगळी मेहनत करून घेणं. तिथे आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने पूर्ण प्रत काढतात आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करतात.

तुमचा क्रम असा: फास्ट स्टार्टअप बंद, पूर्ण शटडाउन, केबल बदल, मग तपासणी. आणि तपासणी सकाळी सुरू होताना करायची गरजच नाही. डीवर विंडोज बसलेलं नाही, त्यामुळे ती चालू विंडोजमध्येच करता येते. संध्याकाळी सगळे प्रोग्रॅम बंद करून:

सीएचकेडीएसके डी: /एफ

ड्राइव्ह वापरात आहे, तात्पुरता सोडवू का असं विचारेल. वाय दाबा. सीला हे चालत नाही, तिच्यासाठी पुढच्या सुरुवातीची वेळ घ्यावी लागते, कारण स्वतः विंडोज तिच्यावर उभं असतं.

/आर देऊ नका. ते प्रत्येक सेक्टर वाचतं. हिशोब करा: २ टीबी सेकंदाला १५० एमबी वेगाने नुसतं वाचायलाच पावणेचार तास, आणि प्रत्यक्षात फिरती डिस्क आतल्या बाजूला याहून हळू चालते. खराब सेक्टरचा संशय असेल तेव्हाच ते.

रेघोटी

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे जुनं यंत्र आहे, फक्त लिनक्स, विंडोज नाहीच. तेही हल्ली प्रत्येक सुरुवातीला डिस्क तपासतं. सुपरब्लॉकमधली शेवटच्या जोडणीची वेळ भविष्यातली आहे असं काहीतरी म्हणतं. स्मार्टचे आकडे स्वच्छ आहेत. केबलही बदलून पाहिली.

अर्धविराम

रेघोटी, यंत्र प्लगमधून काढून ठेवता का? आणि सुरू झाल्या झाल्या घड्याळ काय दाखवतं?

रेघोटी

हो, रात्री स्विच बंद करतो. घड्याळ सुरुवातीला चुकीचं असतं, इंटरनेट लागलं की आपोआप बरोबर होतं, म्हणून कधी लक्ष दिलं नाही.

अर्धविराम

मग तुमची डिस्क ठणठणीत आहे. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपलीय. बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२ असते, खात्री म्हणून जुनीवर छापलेलं वाचून घ्या.

होतं असं. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली मांडायची नेहमीची पद्धत) प्रत्येक वेळी जोडताना त्या क्षणाची वेळ सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे स्वतःच्या मुख्य नोंदीत, लिहून ठेवते. काल इंटरनेटमुळे घड्याळ बरोबर होतं, म्हणून कालची खरी तारीख लिहिली गेली. रात्री वीज काढली, बॅटरीत जीव नाही, घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं. सकाळी तपासणीचा प्रोग्रॅम इंटरनेट लागण्याआधीच चालतो. त्याला दिसतं की शेवटची जोडणी "उद्या" झालेली आहे. असं घडू शकत नाही, म्हणून तो गडबड आहे असं धरतो. एका दिवसाच्या आतला फरक असेल तर तो आपला आपण सुधारून पुढे जातो, कारण तेवढा घोळ घड्याळाच्या सेटिंगमुळे होतो हे त्याला माहीत असतं. त्याहून जास्त असेल तर पूर्ण तपासणी.

घड्याळच नसलेल्या छोट्या बोर्डांसाठी ई२एफएससीकेच्या (हाच तो तपासणीचा प्रोग्रॅम) कॉन्फ फाइलीत घड्याळ बिघडलेलं आहे असं सांगणारा पर्याय आहे. पण तुमच्या यंत्रात बॅटरीची जागा आहे, तेव्हा बॅटरीच बदला.

आता आधी कबूल केलेलं लिहितो. लिनक्सवर तपासणी का लागते याची कारणं वेगळी असतात आणि ती बघायची आज्ञा एकच आहे:

ट्यून२एफएस -एल (छोटा एल), पुढे ड्राइव्हचं नाव.

त्यात माउंट काउंट, मॅक्झिमम माउंट काउंट, लास्ट चेक्ड आणि चेक इंटरव्हल या ओळी बघा. जुन्या काळी ईएक्सटीची डिस्क तयार करतानाच "वीस-तीस वेळा जोडली गेली की किंवा १८० दिवस झाले की तपास" असं लिहून ठेवलेलं असायचं. एखाद्या घाईच्या दिवशी नेमका तो आकडा भरायचा. २०११ मध्ये ई२एफएसप्रॉग्ज (ईएक्सटीच्या या साधनांचा संच) १.४२ आल्यापासून नव्या डिस्कवर हे दोन्ही मुळातच बंद असतात. त्यामुळे आज कुणाकडे ठरावीक दिवसांनी तपासणी लागत असेल तर ती डिस्क जुन्या काळात तयार झालेली आहे, किंवा कुणीतरी मुद्दाम चालू केलेलं आहे.

बदलायचं असेल तर -सी (छोटा सी) पुढे जोडण्यांची संख्या, -आय पुढे दिवस, आठवडे किंवा महिने. दोन्हीकडे शून्य दिलं की बंद. मोठ्या सीने चालू मोजणी बदलता येते. म्हणजे उद्या महत्त्वाचं काम आहे आणि मोजणी भरत आलीय, तर ती खाली आणता येते आणि तपासणी पुढे ढकलली जाते. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर ई२एफएससीके हे अंतर मुळातच दुप्पट धरतो, ही त्याची समजूतदार सवय मला फार आवडते.

यापलीकडे एफएसटॅब फाइलीतला (सुरुवातीला जोडायच्या डिस्कची यादी) सहावा रकाना. शून्य म्हणजे सुरुवातीला कधीच नाही, मुख्य डिस्कला एक, बाकीच्यांना दोन. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमसाठी तिथे काहीही लिहिलं तरी फरक पडत नाही, त्यांचे सुरुवातीचे तपासनीस काहीच न करता परत येतात. त्यांची पद्धत वेगळी आहे. बीटीआरएफएसला चालू असतानाच स्क्रब (तिची स्वतःची पडताळणी) द्यायचा, आणि तिचा रिपेअर पर्याय जाणकाराला विचारल्याशिवाय वापरायचा नाही.

एकदाच सक्तीने तपासायचं असेल तर ग्रबच्या (लिनक्स सुरू होण्याआधी दिसणाऱ्या) यादीत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी एफएससीके.मोड=फोर्स जोडा. एकदाच टाळायचं असेल तर फोर्सच्या जागी स्किप. हे फक्त त्या सुरुवातीपुरतं राहतं, कायमचं काही बदलत नाही, म्हणून मला हाच मार्ग सगळ्यात स्वच्छ वाटतो.

पाणपोई

माझ्याकडे लिनक्सच्या यंत्रावर सुरुवातीला दीड मिनिट नुसतं थांबतं आणि मग आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर सोडतं. ती पण तपासणीच का?

अर्धविराम

नव्वद सेकंद मोजून थांबत असेल तर ती तपासणी नाही. एफएसटॅबमध्ये अशा डिस्कचं नाव आहे जी आता जोडलेली नाही, बहुधा बाहेरची डिस्क. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) तिची वाट बघतं, तितकी वेळ संपली की हार मानतं. त्या ओळीच्या पर्यायांमध्ये नोफेल हा शब्द घाला.

सांजवारा

सगळं वाचून काल रात्री माझ्या यंत्रावर डर्टी क्वेरी दिली. माझी ई ड्राइव्ह डर्टी आहे. वर्षभर असेल कदाचित. कोरी पाटी, मी तुम्हाला अर्धवट माहितीवर सल्ला दिला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

ई तपासली. किरकोळ दुरुस्त्या निघाल्या, फाइल सगळ्या शाबूत आहेत. आता सीएचकेएनटीएफएस /डी देऊन मूळची वागणूक परत आणली.

एक गोष्ट मात्र कळली नाही. मी आधी डीसाठी /एक्स दिलं होतं, काही दिवसांनी ईसाठी दिलं. पण डीची तपासणी मध्ये एकदा लागली होती. वगळली असतानाही कशी?

जुना खिळा

सांजवारा, तपासून बघितलंत आणि इथे येऊन सांगितलंत, त्याबद्दल आभार. पुढे वाचणाऱ्यांना याचा उपयोग होईल.

/एक्सची यादी साठत नाही. प्रत्येक नवी आज्ञा आधीची पुसते. ईसाठी दिलंत तेव्हा डी यादीतून निघून गेली. दोन्ही वगळायच्या असतील तर एकाच आज्ञेत /एक्स डी: ई: असं लिहावं लागतं. /टी ने उलट्या मोजणीचे सेकंद ठरवता येतात. ते शून्य करू नका. मग तपासणी लागली की ती टाळायची संधीच मिळत नाही.

वगळणं कुठे योग्य आहे तेही लिहितो. ज्या यंत्राला ठरलेल्या वेळी सुरू व्हायलाच हवं आणि ज्याच्या डिस्कवर आपण ठरावीक दिवशी स्वतः तपासणी चालवतो, तिथे. म्हणजे तपासणी आपण आपल्या वेळेवर आणतो. विंडोज ८ पासून त्यासाठी सीएचकेडीएसके डी: /स्कॅन आहे. ती ड्राइव्ह न सोडवता, काम चालू असताना पाहणी करते आणि सापडलेल्या चुकांची यादी ठेवते. नंतर /स्पॉटफिक्स दिलं की फक्त त्याच जागा दुरुस्त होतात, आणि ड्राइव्ह अगदी थोडा वेळ अडवली जाते. सीवर या जोडीचा मोठा उपयोग होतो.

रेघोटी

बॅटरी बदलली. तीन दिवस झाले, एकदाही तपासणी नाही, घड्याळही बरोबर. अर्धविराम, धन्यवाद. मी या कारणासाठी नवी डिस्क घ्यायला निघालो होतो.

आणखी एक विचारतो. ईएक्सटी४ वर ठरावीक दिवसांची तपासणी आता मुळात बंद असते म्हणालात. मग चालू करावी का?

अर्धविराम

माझं मत: करू नये. जर्नल असलेली फाइलसिस्टिम वीज गेल्यावर स्वतःची नोंदवही पुन्हा चालवून काही सेकंदांत सावरते. एखाद्या मोजणीच्या आकड्यावर पूर्ण तपासणी बांधून ठेवण्यात तर्क नाही. तिसावी जोडणी एकोणतिसावीपेक्षा जास्त धोक्याची नसते.

जुना खिळा

इथे मी थोडा वेगळा आहे. वीज गेल्याचं नुकसान जर्नल सावरते, हे खरं. पण खराब केबल, सदोष मेमरी, कर्नलमधली चूक यांनी नोंदी बिघडल्या तर फाइलसिस्टिमला ते कळतही नाही. ती स्वतःला स्वच्छ समजते. वर ताईंच्या सी७ चे २१४ बघा. अशा वेळी कारण नसताना केलेली तपासणीच ते पकडते. ट्यून२एफएसच्या माहितीपानातही हीच सूचना आहे. ज्या यंत्रावर परत न मिळणारं काही आहे, तिथे मी तीन महिन्यांचं अंतर ठेवतो.

अर्धविराम

मान्य. फक्त ते सुरुवातीच्या वेळेला बांधू नका एवढंच माझं म्हणणं. एलव्हीएम (डिस्कची जागा गटात घेऊन वाटून द्यायची लिनक्सची सोय) वापरत असाल आणि गटात थोडी जागा मोकळी असेल, तर ई२एफएसप्रॉग्जच्या २०१९ च्या १.४५ आवृत्तीपासून ई२स्क्रब आहे. तो चालू डिस्कची क्षणचित्र-प्रत घेऊन तिच्यावर तपासणी करतो. चूक सापडली तरच पुढच्या सुरुवातीला पूर्ण तपासणीची खूण लावतो. एलव्हीएम नसेल तर खिळेदादांचे तीन महिने. लिहिण्यासाठी जोडलेल्या डिस्कवर हाताने एफएससीके (लिनक्सची तपासणीची आज्ञा) मात्र कोणीही, कधीही चालवू नये.

दूरच्या, पडदा न जोडलेल्या यंत्रांसाठी एक भर. गंभीर विसंगती आढळली की ते "हाताने एफएससीके चालवा" म्हणून थांबून राहतं, आणि तिथे कुणी नसतं. एफएससीके.रिपेअर=येस दिलं तर सगळ्या प्रश्नांना हो म्हणून पुढे जातं. ज्याची ताजी प्रत दुसरीकडे आहे अशाच यंत्रावर हे द्या, कारण काही दुरुस्त्यांमध्ये फाइली लॉस्ट+फाउंड या फोल्डरमध्ये (लिनक्सचं फाउंड.०००) जातात.

कोरी पाटी

सगळं केलं, क्रमाने.

फास्ट स्टार्टअप बंद केला. केबल बदलली. जुनी काढताना डिस्ककडचं टोक हाताला सैल लागलं, त्याची पकड तुटलेली होती. मग संध्याकाळी सीएचकेडीएसके डी: /एफ दिली आणि तिथेच बसून राहिले. चाळीस मिनिटं लागली. डर्टी क्वेरीचं उत्तर आता डर्टी नाही असं येतं.

लिनक्समध्ये गेले तर डी कुठलीही आज्ञा न देता लिहिण्यासाठी उघडली. एनटीएफएसफिक्सची वहीत लिहिलेली ओळ खोडून टाकली.

बेचाळिसावी फाइल यादीतून गेली तेव्हा छातीत धस्स झालं. मग पाणपोईंनी लिहिलेलं फाउंड.००० आठवलं. लपलेल्या फाइली दाखवायला लावल्या. आत एकच फाइल होती, फाइल००००. आकार कॅसेटच्या एका बाजूला साजेसा. तिची प्रत काढून शेवटी डब्ल्यूएव्ही लावलं. उघडली. सत्तावीस मिनिटं आहेत, मूळ अठ्ठावीस होती. शेवटचं मिनिट कापलं गेलंय, पण कॅसेट माझ्याकडे आहे, ती बाजू परत उतरवेन.

आज आठवा दिवस. सकाळी तपासणी एकदाही लागली नाही. सी७ मध्ये अजून डी६ च आहे. खिळेदादा, हा आकडा किती दिवसांनी परत बघू?

जुना खिळा

पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा. डी७ दिसला तर लगेच लिहा, मग मदरबोर्डवरचा दुसरा साटा पोर्ट वापरून बघू. आणि बेचाळिसावी बाजू उतरवलीत की बाहेरच्या डिस्कवरही टाका.